रविवार धरून

जुळे सोलापूर
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५, सकाळी ११

तीर्थरूप सोनाआत्यास,
शिरसाष्टांग नमस्कार.

शुक्रवारच्या भाकरी आणि शेंगाची चटणी पोचली. भाकरी पाच होत्या, दोन त्याच दिवशी संपल्या, तीन कडक करून ठेवल्या आहेत. डबा धुऊन, पुसून, उन्हात वाळवून गुरुबसप्पा कंडक्टरांच्या हाती देत आहे. रिकामा डबा परत करायचा नाही हे तू लहानपणीच शिकवलंस, म्हणून आत पावशेर खडीसाखर आणि हे पत्र ठेवलं आहे.

माझा फोन बादलीत पडला. नवी पेठेत दुरुस्तीला दिला आहे, मंगळवारी मिळेल. असता तरी हा विषय मी फोनवर काढला नसता. तुला कमी ऐकू येतं, त्यामुळे तू मोठ्यानं बोलतेस, आणि मंगळवेढ्याचा अर्धा स्टँड ऐकत असतो. तू एकतीस वर्षं उपकेंद्रात सिस्टर होतीस, म्हणून तुलाच विचारतो.

मेडिकलच्या काउंटरवर येऊन मला दोन महिने झाले. होलसेलच्या गोदामात तीन वर्षं खोकी मोजली, इथं माणसांशी बोलावं लागतं. बारावीला दोनदा नापास झालेल्या मुलाला दुकानमालक चिंतामणीकाकांनी ठेवून घेतलं ते अक्षर आणि मोजणी बघून. हे दोन्ही मी जपून आहे.

काल शनिवारी संध्याकाळी काका लग्नाला गेले होते. दुकानात मी एकटा. सहा वाजून दहा मिनिटांनी एक बाई आल्या. नाव लिहीत नाही. कडेवर अकरा महिन्यांचं बाळ. दोन गिऱ्हाइकं जाईपर्यंत त्या बिस्किटांच्या बरण्या बघत उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "ती गोळी आहे का, नंतर घ्यायची?"

मला कळलं. असुरक्षित संबंध आल्यावर दिवस राहू नयेत म्हणून घेतात ती. आमच्याकडे काका तिचं एकच पाकीट ठेवतात, घरगुती वस्तीत जास्त नको म्हणून. ते शुक्रवारीच गेलं होतं. मी म्हटलं, "सोमवारी दुपारी माल येईल."

"तोवर चालेल का? बाळाच्या वेळी सिझर झालंय. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं तरी दुसरं नको."

मी त्यांना धीर दिला. म्हटलं, बहात्तर तासांची मुदत असते, मी मोजून देतो. वेळ विचारली. त्या म्हणाल्या, "काल रात्री दहाच्या सुमाराला." मी कागदावर लिहून दिलं. शुक्रवार रात्री १० ते शनिवार रात्री १०, चोवीस. रविवार वगळून. सोमवार रात्री १०, अठ्ठेचाळीस. मंगळवार रात्री १०, बहात्तर. गोदामात तुटफूट कळवायची मुदत आम्ही अशीच धरायचो, बिलावर छापलेलंच असे: बहात्तर तासांत, रविवार व सुट्टी वगळून. सोमवारी शेजारच्या डॉक्टरांकडे गर्दी असते आणि आमच्याकडे रांग लागते, तेव्हा त्यांना अवघडायला नको म्हणून मी मंगळवारी पाचला या म्हणून सांगितलं.

त्या म्हणाल्या, "मग दुसऱ्या दुकानात जात नाही. तिथं आमच्या ओळखीचे बसतात." त्यांचा चेहरा मोकळा झाला. मला बरं वाटलं. गोळी मी वर्तमानपत्रात अशी गुंडाळून देणार आहे की आत काय आहे ते कुणाला कळणार नाही. पॅडसुद्धा तसेच देतो, दोरा बांधून. काका म्हणतात माझं पार्सल बघण्यासारखं असतं.

प्रश्न एवढाच. जाता जाता त्यांनी विचारलं, "बाळ अजून अंगावर पितं. चालेल ना?" ते मला ठाऊक नव्हतं. माझी आत्या सिस्टर आहे, विचारून मंगळवारी सांगतो म्हटलं. तर तेवढं कळव.

उत्तराची वाट पाहणारा तुझा,
पृथ्वीराज


मंगळवेढा
सोमवार, १० फेब्रुवारी, पहाटे ५

चि. पृथ्वीराजास आशीर्वाद.

डब्यात आज भाकरी नाही. भाकरी थापायला वेळ नव्हता. स्टँडवर उभा राहूनच हे वाच.

तुझी मोजणी चुकली आहे. रविवार तुझ्या गोदामाला असतो, बाईच्या अंगाला नसतो. शुक्रवारी रात्री दहा म्हणजे बहात्तर तास आज सोमवारी रात्री दहाला भरतात. उद्या नाही. आज.

काल दिवेलागणीला तुझं पत्र वाचलं आणि लगेच फोन लावला, तर तुझा बंद. दुकानाचा नंबर वाजून वाजून थांबला. शेवटी गुरुबसप्पाला सांगितलं, सहाच्या पहिल्या गाडीनं ने आणि हातातच दे. तो म्हणाला, "सिस्टर, कोण आजारी हाय का?" मी म्हटलं, व्हय, माझ्या भाच्याचं गणित आजारी आहे.

आता नीट वाच. ती गोळी बीज सुटायचं लांबवते, म्हणून तिचं काम वेळेवर चालतं. पहिल्या दिवशी घेतली तर सगळ्यात चांगली, दुसऱ्या दिवशी त्याहून कमी, तिसऱ्या दिवशी आणखी कमी. बहात्तर तास म्हणजे तोवर निवांत बसायची परवानगी नव्हे. मोजणी बरोबर असती तरी तिला थांबवायचं नव्हतं. शनिवारीच दुसरं दुकान दाखवायचं, नाहीतर सरकारी दवाखाना, तिथं फुकट मिळते. ओळखीचा माणूस बसतो म्हणाली, तर तू सायकलवर जाऊन आणून द्यायची होतीस.

बाळ अंगावर पितंय तरी गोळी चालते. दूध तोडायचं नाही. आणि अकरा महिन्यांचं बाळ पितंय म्हणून दिवस राहणार नाहीत, या भरवशावर तिनं राहू नये. एकच गोळी, पाण्याबरोबर. दोन तासांच्या आत उलटी झाली तर परत एक घ्यायची. मळमळ, डोकं दुखणं, थोडं डाग लागणं होऊ शकतं, घाबरायचं नाही. पाळी आठवडाभर पुढेमागे होईल. तीन आठवड्यांत आली नाही तर लघवीची तपासणी करायची. गोळी घेतल्यानंतर पुन्हा तसंच झालं तर ही गोळी त्याला पुरत नाही. आधीच दिवस राहिलेले असतील तर ती ते पाडत नाही, कुणी तसं म्हणालं तर खोटं आहे. पुढं मूल होण्यालाही काही होत नाही. दर वेळची गोष्ट म्हणून मात्र घ्यायची नाही, त्यासाठी दुसरे चांगले उपाय आहेत.

आणि समज तू गाठेपर्यंत रात्रीचे दहा उलटले, तरी परत पाठवू नकोस. पाच दिवसांपर्यंत थोडा उपयोग असतो, आणि पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर ती गोळीपेक्षाही पक्की. सिझर झालेल्या बाईलाही बसवतात.

नाव लिहिलं नाहीस ते बरं केलंस. मलाही नको. तिला शोध. बाकी काम नंतर.

तुझी
सोनाआत्या


जुळे सोलापूर
मंगळवार, ११ फेब्रुवारी, दुपारी ३

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

गोळी घेतली. आधी हेच लिहितो, नाहीतर तू पुढचं वाचणार नाहीस. काल सोमवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी. म्हणजे बासष्ट तास दहा मिनिटांनी, रविवार धरून.

आता क्रमानं सांगतो.

स्टँडवर सकाळी पावणेआठला गुरुबसप्पांनी डबा हातात दिला. तो हलका लागला तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे कळलं. तिथंच पाण्याच्या टाकीपाशी दोनदा वाचलं. पहिल्या वेळी वाटलं तूच चुकली असशील. दुसऱ्या वेळी बोटांवर मोजलं. तुझंच बरोबर निघालं. गुरुबसप्पा म्हणाले, "काय रे, नापास?" मी मान हलवली.

दुकान उघडल्यावर काकांना सांगितलं, माझ्या हातून एका गिऱ्हाइकाला चुकीची वेळ सांगितली गेली आहे, ती आज दुरुस्त करायची आहे. कुठलं औषध ते सांगितलं, कोण ते सांगितलं नाही. काका चिडतील असं वाटलं होतं. ते चष्मा काढून म्हणाले, "एकच पाकीट ठेवतो ती माझी चूक. जा तू. शेजारच्या दुकानात विचारू नकोस, चर्चा होईल, नवी पेठेतून आण."

सायकलवरून माझ्या जुन्या गोदामात गेलो. तिथं गुरुलिंग आहे, माझ्याबरोबर तीन वर्षं खोकी उचललेला. दुकानाच्या नावावर चार पाकिटं मागितली. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "चार? पृथ्वी, लग्नाचं आमंत्रण तरी द्यायचंस की." हमाल हसले. एरवी मी पळून आलो असतो. काल म्हटलं, "आमंत्रण नंतर देतो, आधी बिल फाड." त्यानं लगेच बिल फाडलं. कदाचित मी हळू बोललो नाही म्हणून असेल.

आता घर कुठलं, हा प्रश्न. तो सुटायला वेळ लागला नाही, कारण त्या बाईंच्या सासूबाईंच्या साखरेच्या आजारावरच्या गोळ्या दर महिन्याला आमच्याकडून जातात. पोचवायची वही माझ्या अक्षरात आहे, पत्ता तिथं होता. पण इमारतीखाली आल्यावर पाय थांबले. पिशवी मी नेहमी सासूबाईंच्या हातात देतो आणि त्या ती दारातच उघडून बघतात. गोळी दिली तर त्या बघणार. चिठ्ठी दिली तर वाचणार. वहिनींना बाहेर बोलवा म्हटलं तर का म्हणून विचारणार. एक चूक निस्तरताना दुसरी, आणि ती आधीपेक्षा मोठी. जिन्यापाशी मी सात मिनिटं उभा होतो. मग पाकिटं सायकलच्या पिशवीतच ठेवली आणि रिकाम्या हातानं वर गेलो.

दार सासूबाईंनीच उघडलं. आतून मिक्सरचा आवाज येत होता.

"गोळ्या आणल्यास व्हय? अजून आठ दिवसाच्या हायत की."

मी म्हटलं, "गोळ्या नाहीत, आजी. शनिवारी वहिनी दुकानात आल्या होत्या. त्यांना मी एका औषधाची वेळ मोजून दिली. ती चुकली. मी रविवार धरलाच नव्हता."

"कसली येळ?"

याचं उत्तर मी जिन्यात ठरवलं नव्हतं. खोटं बोललो असतो तर लगेच उघडं पडलं असतं. म्हणून त्यांच्याकडे बघत, पण स्वयंपाकघरापर्यंत जाईल अशा आवाजात म्हटलं, "मी उद्या पाचला या म्हणून सांगितलं होतं. उद्या नको. आजच यायला पाहिजे. आत्ताच. जेवढं लवकर तेवढा गुण जास्त. माल मी आणून ठेवला आहे. आणि बाळाला पाजायला काही हरकत नाही, मी सिस्टरला विचारलं."

मिक्सर थांबला.

सासूबाई म्हणाल्या, "मग वरडतोस कशाला? मला ऐकू येतंय." मग आत बघून, "अगं, मेडिकलवाला आलाय. तुझ्या औषधाचं तास चुकलं म्हणतोय."

आतून आवाज आला, "ऐकलं."

सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मला वाटलं आता विचारतात. त्यांनी विचारलं नाही. आत वळून म्हणाल्या, "मग जा की. पोराला माझ्याकडं दे. आमटी मी बघते."

मी खाली येऊन दुकानात पोचलो आणि अठरा मिनिटांत त्या आल्या, बाळाशिवाय. मी पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतलं. त्या म्हणाल्या, "इथंच घेते." काउंटरच्या आत स्टूल दिलं, माझ्या बाटलीतलं पाणी दिलं. काका पाठ करून मागची कपाटं लावत राहिले. ती लावलेलीच होती.

तुझं पत्र खिशात होतं. मी म्हटलं, "तोंडी सांगितलं तर काहीतरी राहील, वाचून दाखवतो." उलटीपासून तांबीपर्यंत सगळं वाचलं. भाच्याचं गणित आजारी आहे हेही चुकून वाचलं गेलं, आणि त्या हसल्या. एकदाच. दोन वाजून दहा मिनिटांपर्यंत उलटी झाली तर परत या म्हटलं, दुसरी गोळी बाजूला काढून ठेवली. आल्या नाहीत.

जाताना म्हणाल्या, "घरी येऊन चूक सांगितलीत. मी उद्याच आले असते."

मी नुसतं "माफ करा" म्हटलं. रात्री अंथरुणावर बरीच वाक्यं सुचली.

आत्या, बासष्ट तास म्हणजे तिसरा दिवस. शनिवारी दिली असती तर विसाव्या तासाला मिळाली असती. मधल्या बेचाळीस तासांत बीज सुटलं असेल तर काय, हे डोक्यातून जात नाही. तू स्पष्ट सांग.

तुझा
पृथ्वीराज


मंगळवेढा
बुधवार, १२ फेब्रुवारी

चि. पृथ्वीराजास आशीर्वाद.

स्पष्ट विचारलंस, स्पष्ट सांगते. बासष्टाव्या तासाला गोळी घेतलेल्या बायकांपैकी बहुतेकींना दिवस राहत नाहीत. काहींना राहतात. शनिवारी घेतली असती तर भरवसा जास्त होता. यापलीकडे कुणालाच सांगता येणार नाही, आणि तू गोदामातल्यासारखं कागदावर मांडून काही बदलणार नाही. तिला वेळेत मिळाली. उरलेलं तीन आठवड्यांनी कळेल. तोवर तिच्यामागं लागू नकोस. दुकानात आली तर रोजच्यासारखं बोल. तिनं सांगितलं तर ऐक.

जिन्यात सात मिनिटं उभा राहिलास त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. रिकाम्या हातानं वर गेलास हे मला सुचलं नसतं.

आता तुला एक गोष्ट सांगते, जी मी तुझ्या आतोबांनाही सांगितली नव्हती. २००९ साल. आमच्या उपकेंद्रात तांबी बसवायचा वार गुरुवार होता. डॉक्टरीणबाई त्याच दिवशी यायच्या. एका शनिवारी एक बाई आली, आदल्या रात्री नवरा ऐकला नाही म्हणाली, काहीतरी करा. मी वही उघडली, तिचं नाव गुरुवारच्या यादीत घातलं आणि सांगितलं, गुरुवारी दहाला ये. गोळ्यांचं खोकं माझ्या मागच्या कपाटात होतं. मला ते आठवलंच नाही, कारण माझ्या डोक्यात तांबी म्हणजे गुरुवार असं बसलं होतं. गुरुवारी ती वेळेवर आली. मला कौतुक वाटलं. सहावा दिवस होता.

त्या मुलीचा जन्म माझ्याच हातून झाला. ती यंदा दहावीला आहे, हुशार आहे, तिच्या आईला तिचा अभिमान आहे. वाईट काही झालं नाही असं कुणीही म्हणेल. पण त्या बाईला तेव्हा मूल नको होतं, ती मला विचारायला आली होती, आणि मी तिला वार सांगितला. ती अजून बाजारात भेटली की वाकून नमस्कार करते. मी सांगितलं नाही. सोळा वर्षं झाली.

तू दोन दिवसांत सांगितलंस. म्हणून आता रात्री वाक्यं जुळवत बसू नकोस, झोप.

काकांना सांग, आठ पाकिटं ठेवायची, समोरच्या कपाटात. आणि ते वर्तमानपत्रात गुंडाळणं, दोरा बांधणं हे काय? तू काय चोरीचा माल विकतोस? गुंडाळलेलं पार्सल बघूनच सगळ्या जुळे सोलापूरला कळत असेल आत काय आहे.

डब्यात सहा भाकरी आणि हुरडा आहे. हुरडा यंदाचा शेवटचा.

तुझी
सोनाआत्या


मंगळवेढा
गुरुवार, २० फेब्रुवारी

चि. पृथ्वीराजास आशीर्वाद.

तीन डबे परत आले. एकात शेंगदाणे, एकात गूळ, एकात चार लिंबं. पत्र एकातही नाही. फोन दुरुस्त होऊन आला असं गुरुबसप्पा म्हणतो, पण त्यावरून तू मला फक्त "जेवलीस का" विचारतोस. मला साखरेचा आजार आहे, खडीसाखर आणि गूळ पाठवू नकोस. बातमी पाठव.

सोनाआत्या


जुळे सोलापूर
शुक्रवार, २१ फेब्रुवारी

ती. आत्यास नमस्कार.

बातमी नाही म्हणून पत्र नाही. आज चौदावा दिवस. वहिनी परवाच्या मंगळवारी आल्या होत्या, बाळाच्या सर्दीचं औषध घेतलं. मी रोजच्यासारखं बोललो. रोजच्यासारखं म्हणजे कसं, हे आदल्या रात्री ठरवून ठेवलं होतं. त्यांनी काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही. लघवीच्या तपासणीची एक पट्टी बाजूला काढून ठेवली आहे.

पाकिटं आठ ठेवली. काका म्हणाले दहा ठेव. आतल्या बाजूला, जिथं फक्त आम्हाला दिसतं, तिथं मी एक कागद चिकटवला आहे. "शक्य तितक्या लवकर. तास सलग मोजणे, रविवार धरून. बाळ अंगावर पीत असल्यास चालते. दोन तासांत उलटी झाल्यास पुन्हा. पाच दिवसांच्या आत तांबी. माल नसल्यास स्वतः जाऊन आणणे." खाली काकांनी सही केली आणि मग मी केली.

गोळीसाठी परवा एक जोडपं आलं. मुलगा बोलत होता, मुलगी रस्त्याकडे बघत होती. मी दोघांनाही बघून सांगितलं, एकदाही अडखळलो नाही. मुलगा म्हणाला, "उद्या घेतली तर?" मी म्हटलं, "आज घेतली तर जास्त चांगलं." तिनंच हात पुढे केला.

गुरुलिंगनं पुन्हा आमंत्रणाचं विचारलं. मी त्याला सगळं समजावून सांगितलं, रविवारासकट. तो म्हणतो त्यालाही तसंच वाटत होतं. गोदामातल्या चौघांना तसंच वाटत होतं.

तुझा
पृथ्वीराज


जुळे सोलापूर
गुरुवार, २७ फेब्रुवारी, संध्याकाळी ७

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

आज विसावा दिवस. उद्या तीन आठवडे भरणार होते आणि मी सकाळपासून दोनदा चुकीचा माल काढला. काका म्हणाले, "तू आज फक्त बिलं लाव."

साडेपाचला सासूबाई आल्या, काठी टेकत, आणि मागे त्या. बाळ कडेवर, हातात बिस्किट. दुकानात आणखी तीन गिऱ्हाइकं होती, त्यातला एकजण त्यांच्याच इमारतीतला असावा, कारण त्यानं बाळाच्या गालाला हात लावला.

सासूबाईंनी साखरेच्या गोळ्या मागितल्या. मी दिल्या. मग त्या म्हणाल्या, "हिला काय पायजे ते बघ."

वहिनी म्हणाल्या, "पॅडचं पाकीट द्या. मोठं. आजच लागणार आहेत."

तेवढंच. मी वळलो, फळीवरून पाकीट काढलं. डोळ्यांत काहीतरी गेलं म्हणून थोडा वेळ फळीकडेच तोंड करून राहिलो. मग सवयीनं वर्तमानपत्राचं पान फाडलं, काउंटरवर पसरलं, घडी घालायला घेतली.

"कागद राहू द्या," त्या म्हणाल्या.

मी वर बघितलं. त्यांनी पाकीट तसंच उचललं, काखेत धरलं, बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि त्या तीन माणसांच्या मधून पायऱ्या उतरल्या. इमारतीतल्या माणसानं बाजूला होऊन वाट दिली. तो दुसरीकडे बघत होता, त्या सरळ समोर बघत होत्या.

सासूबाई पैसे द्यायला मागे थांबल्या. सुटे मोजता मोजता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सोमवारी हिच्यासंगं दवाखान्यात जातेय. तांबीचं इचारायला. माझ्या टायमाला कोण इचारत नव्हतं, मला पाच झाली." मग काठी उचलली. "तास बराबर मोजलंस बरं का, पोरा. उशिरा मोजलंस, पर बराबर."

म्हणजे त्यांना त्या दिवशी दारातच कळलं होतं. आणि मी मिक्सरच्या वरून ओरडत होतो.

तपासणीची पट्टी परत फळीवर ठेवली.

तू बाजारात भेटणाऱ्या त्या बाईंबद्दल लिहिलंस, त्याला मी उत्तर दिलं नव्हतं. आज इतकंच लिहितो, की ज्या दिवशी त्यांना खरं सांगायला जाशील त्या दिवशी मला सांग. मी सुट्टी घेऊन येतो आणि बाहेर रस्त्यावर उभा राहतो. दार तू वाजव.

डबा गुरुबसप्पांकडे देत आहे. गूळ नाही. शेंगदाणे आहेत, पावशेर, भाजलेले. पॅडसाठी फाडलेला तो कागद काउंटरवर तसाच राहिला होता, घडी अर्धी घातलेली. त्यातच बांधले आहेत.

तुझा
पृथ्वीराज